हौसाबाईची जबानी

“‘सदरहू सेवकाने नाविकाचा निषेध न जुमानता नौकेची रज्जू स्वहस्ते छेदिली.’ हे तू सांगितलंस?”

फिर्यादी पक्षाचे वकील अनंतराव किंजवडेकर यांनी आमचं वर्तमानपत्र हातभर लांब धरून हे वाक्य वाचलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. पिंजऱ्यात हौसाबाई माळीण उभी होती. तिनं पदर कानामागं सारला, थोडा विचार केला आणि म्हणाली, “न्हाई.”

“‘जलौघ वृद्धिंगत होत असता नौकानयन अनर्थावह होईल, असे नाविकाने पुनःपुन्हा विदित केले.’ हे?”

“न्हाई. ह्ये म्या कवा सांगितलं न्हाई.”

“कुणालाच नाही?”

“कुनालाच न्हाई.”

वकिलांनी एकूण सात वाक्यं वाचली. मी मोजत होतो. मोजायची मला खोडच आहे. सात वेळा त्यांनी विचारलं, सात वेळा ती न्हाई म्हणाली, आणि सातही वेळा ती खरंच बोलत होती. तिच्या प्रत्येक खऱ्या नकारासरशी समोर उकिडवा बसलेला राणू भोई तुरुंगाच्या दाराकडं एकेक पाऊल सरकत होता. त्याला वकील नव्हता. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला अख्ख्या राजेवडगावातून ही एकटी बाई आली होती. आणि ती सात वाक्यं माझी होती.

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. तेव्हा विलायतेत राणीचं राज्य होतं आणि आमच्या गावात ठेकेदाराचं. कृष्णेवरच्या नावेचा ठेका दरसाल सरकार लिलावानं द्यायचं. ठेकेदार सहसा घाटावर फिरकत नसे. त्याचा गुमास्ता बळवंता सगळं पाही, आणि नाव वल्हवणं राणूकडं होतं. आषाढात पूर चढत असताना भरलेली नाव मधल्या धारेत कलंडली. चार माणसं गेली. गुमास्त्यानं पोलिसांत जबाब दिला की राणू ताडी पिऊन आला, त्यानंच दोर सोडला आणि आपण अडवत असताना नाव लोटली. हलगर्जीनं माणसं मारल्याचा खटला राणूवर उभा राहिला. दोन वर्षं सक्तमजुरी, असं सगळे धरूनच चालले होते. ठेकेदाराच्या गुळाच्या व्यापारावर निम्मा गाव जगत होता, तेव्हा कुणाची जीभ गोड असणार हे सांगायला नको.

एकटे केशवशास्त्री लाटकर त्याला अपवाद होते. ते ‘सत्यनिर्झर’ या आमच्या साप्ताहिकाचे मालक, संपादक आणि मुद्रितशोधक. मी उपसंपादक, म्हणजे उरलेलं सगळं. माणूस धैर्याचा होता. गरिबाची बाजू घ्यायला कधी कचरला नाही. फक्त ती बाजू गरिबाला कळेल अशा भाषेत त्यानं कधी घेतली नाही. एका अग्रलेखात सरासरी चौदा वेळा ‘तथापि’ यायचं.

आमचे गावोगावचे बातमीदार, म्हणजे कुलकर्णी, शाळामास्तर, एखादा टपालवाला, बोलत तशाच बातम्या लिहून पाठवत. सावकारानं टांग दिली. फौजदार दिसताच मंडळींनी धूम ठोकली. मामलेदारानं रयतेच्या तोंडाला पानं पुसली. अशा बातम्यांना आंघोळ घालून, सोवळं नेसवून पंगतीला बसवणं हे माझं काम. टांग दिली की ‘वचनभंग केला’, धूम ठोकली की ‘पलायन केले’. त्याची मी एक वहीच घातली होती: डाव्या अंगाला काढलेला शब्द, उजव्या अंगाला घातलेला. तीन वर्षांत आकडा अठराशेच्या वर गेला होता. कुणी पाहुणा आला की शास्त्रीबुवा ती वही मागवत आणि सांगत, “आमच्या त्र्यंबकानं एवढा केर काढला.” पाहुणा मान डोलावी. मीही फुगत असे. खोटं कशाला सांगू?

नाव बुडाली त्याच्या तिसऱ्या दिवशी हौसाबाई छापखान्याच्या पायरीवर येऊन बसली. ती त्या नावेत होती. नावेतल्या एका बैलाचं शेपूट धरून काठाला लागली होती. बसल्याबसल्या मेथीच्या जुड्या बांधत तिनं मला सगळं सांगितलं. मी मोडीत भराभर उतरून घेतलं, आणि उतरताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण काटा आला म्हणून पद्धत थोडीच मोडते. रात्रभर बसून तिच्या बोलण्याला मी शुद्ध केलं. मूळ कागद खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं रीतीप्रमाणे शाई पुसायला वापरला. छापून आल्यावर शास्त्रीबुवांनी माझी पाठ थोपटली. तो मजकूर हौसाबाईला वाचून दाखवावा, असं आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिनंच तर सांगितला होता ना!

“साहेब,” किंजवडेकर वकील वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, “आरोपीचा सगळा बचाव या लेखावर उभा आहे. आणि ज्या बाईच्या तोंडचा म्हणून तो छापला, ती शपथेवर सांगते की यातलं एक अक्षर माझं नाही. मला आणखी काही विचारायचं नाही.”

मॅजिस्ट्रेट म्हणून दौऱ्यावर आलेला असिस्टंट कलेक्टर बसला होता. कोवळा, उन्हानं नाक सोललेला इंग्रज. पुण्याच्या कुणा पंडितापाशी बसून मराठीची परीक्षा दिलेला. त्यानं शिरस्तेदारांकडं पाहिलं आणि हौसाबाईला खाली उतरायची खूण केली.

मी दाराजवळच्या चटईवर शास्त्रीबुवांच्या शेजारी बसलो होतो. उठायला लागलो तसं त्यांनी माझं उपरणं धरलं. हळूच म्हणाले, बस खाली, तू कबूल केलंस तर उद्यापासून या पत्रावर कोण विश्वास ठेवेल, आणि ठेकेदार अब्रूनुकसानीची फिर्याद लावेल ती वेगळीच. त्यांचं म्हणणं अगदी हिशोबाला धरून होतं. मी राणूकडं पाहिलं. त्याला काही कळत नव्हतं. तो हौसाबाईकडं पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला वाटलं असणार, ही बाई घाबरली. बायामाणसानं घाबरू नये तर काय करावं.

उपरणं शास्त्रीबुवांच्या हातात राहिलं आणि मी उभा राहिलो.

“साहेब, ती वाक्यं हिची नाहीत. माझी आहेत. हिनं सांगितलं ते खरं, पण मी ते माझ्या भाषेत लिहिलं.”

कचेरीत कुजबूज झाली. किंजवडेकर म्हणाले, चला, ‘सत्यनिर्झर’ साक्षी घरी तयार करतो हे त्यांच्याच तोंडून निघालं, बरं झालं. साहेबानं हात वर केला. मग पुस्तकातून काढल्यासारख्या स्वच्छ मराठीत तो मला म्हणाला, “तर मग तिने मूलतः काय कथन केले, ते तू निवेदन कर.”

मी तोंड उघडलं. हौसाबाईचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. तिच्या बोटांनी जुड्यांना बांधलेले दोरे आठवत होते. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, “तिने असे सांगितले की, नौका तीरास बद्ध असता—”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ‘नाविक’ आला. तिसऱ्यांदा माझी मलाच भीती वाटली. अठराशे शब्द काढता काढता माझ्या जिभेवर बोलायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं. पट्टेवालासुद्धा हसत होता.

“मला सांगता येत नाही, साहेब,” मी म्हणालो. “तिलाच सांगू द्या.”

साहेब हौसाबाईकडं वळून म्हणाला, “भय धरू नको. सत्य ते कथन कर.” ती शिरस्तेदारांकडं बघायला लागली. शिरस्तेदार म्हणाले, सांग, काय झालं ते सांग. ती दोन वाक्यं बोलली. शिरस्तेदारांनी घसा खाकरून साहेबाला सांगितलं, “साक्षीदार म्हणते, नदीस पूर आला असल्याकारणे—”

“दादा,” हौसाबाई मध्येच म्हणाली, “तुमी मदी पडू नगा. एकदा ह्या छापल्याल्या कागदानं माझं त्वांड बांदलं. आता तुमी बांदू नगा. सायबाला कळंल. न्हाई कळलं तर इच्यारंल. त्येला त्वांड हाय.”

साहेबाला हे कळलं. त्यानं शिरस्तेदारांना बसायला सांगितलं, आपली लेखणी उचलली आणि तिच्याकडं मान केली. आणि हौसाबाई बोलायला लागली. ती ना रडली, ना ओरडली. भाजीचा भाव सांगावा तशी सांगत गेली.

“सकाळच्या पारी नाव काठाला बांदल्याली व्हती. राणू म्हनला, आज नाव सुटायची न्हाई, पानी तांबडं झालंय. तांबडं पानी म्हंजी वरल्या अंगाला पाऊस लागलाय, त्ये अजून वाटंवर हाय, म्होरं यायचंय. ह्ये आमाला पाळन्यातनं ठावं हाय. आमी खाली उतरून बसलो. मंग गुमास्ता आला. त्येच्यामागनं गुळाची गाडी. म्हनला, ढेपा आजच पल्याड जाया पायजेत. राणू म्हनला, नदी काय तुमच्या मालकाची चाकर न्हाई. त्यानं राणूच्या तोंडात मारली.”

साहेबानं विचारलं, चाकर? ती म्हणाली, “व्हय. चाकर. आमी हाय तसं.”

कुणी हसलं नाही.

“ढेपा भरल्या. आमाला म्हनला, चढायचं तर आत्ता, न्हाईतर आठ दिस हितंच बसा. माझं प्वार पल्याड व्हतं, अंगावर पिनारं. मी चढले. माझी मी चढले, सायेब. त्येचं पाप राणूवर घालू नगा. राणूनं दोर धरला व्हता, दोनी हातांनी, आन् पाय मातीत रवलं व्हतं. गुमास्त्यानं गाडीतला कोयता घेतला आन् दोर तोडला. मंग राणू दोर टाकून नावंत उडी मारून आला. का आला? त्येला काय गरज व्हती? काठाला ऱ्हाता तर आज हितं बसला नसता. पर आमी नावंत व्हतो.”

राणूनं मान खाली घातली. साहेबाची लेखणी थांबली होती.

“मदी गेलो आन् नदीनं कूस बदलली. ढेपा एका अंगाला आल्या. राणू वरडला, ढेपा टाका पान्यात, नाव हलकी करा. ठेकेदाराची दोन मानसं ढेपांवर बसल्याली. त्यांनी काट्या उगारल्या. म्हनली, ढेपंला हात लावाल तर याद राखा. सुंद्रा तांबोळीण माझ्या शेजारी व्हती. तिनं पोराला वर धरला. नाव आडवी झाली. सुंद्रानं एका हातानं त्या मानसाचं धोतर धरलं. त्यानं तिचा हात झटाकला, आन् त्यो हात ढेपंवर ठिवला. त्यांनी गूळ धरला, सायेब, आन् मानसं सोडली.”

एवढं बोलून ती थांबली. वरचा पंखा ओढणारा माणूस ओढायचा थांबला होता, हे मला त्या वेळी कळलं. पंख्याची झालर नुसती लोंबत होती. मी तिच्या तोंडून हे सगळं एकदा ऐकलं होतं, स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं. तरी मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या वेळी मी तिचं बोलणं ऐकताना त्याच्यावर कुठं काय घालावं याचाच विचार करत होतो. देवळात गेल्यावर गाभाऱ्याकडं न बघता खांब मोजावेत, तसला मी माणूस. आता मोजायला काही सुचेना.

साहेबानं विचारलं, कोण कोण मरण पावले?

“सुंद्रा तांबोळीण. तिचा ल्योक इसाक, तीन वर्साचा. बाबू कुंभार. आन् एक नवी नवरी. तिचं नाव मला ठावं न्हाई. पयल्यांदाच सासरला निगाली व्हती. ती म्हनत व्हती, मला प्वायला येतंय, आन् माझा हात धरून व्हती. माझ्याच हातातनं गेली.” मग ती म्हणाली, “दोराचा शेंडा अजून खुंट्यालाच हाय. त्या दिसापास्नं नाव बंद हाय, कुनी शिवलंबी नसंल. सोडल्याला दोर कसा आसतो आन् तोडल्याला कसा, ह्ये सायबानं डोळ्यांनी बगावं.”

किंजवडेकर उठले, पण साहेबानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यानं शिपायाला घाटावर पिटाळलं. अर्ध्या तासानं शिपाई आला तो खुंट्यासकट. दोराची गाठ जशीच्या तशी होती, आणि गाठीपासून वीतभरावर दोर सुरीनं लोणी कापावं तसा कापलेला. साहेबानं तो बळवंता गुमास्त्याच्या पुढं टाकला. राणूनं दोर सोडला, असं आपल्या जबाबात म्हणणारा बळवंता त्या गाठीकडं बघत उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी राणू सुटला, आणि बळवंत्याला पोलीस घेऊन गेले.

शास्त्रीबुवा माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. निकालाची नक्कल मी आणली तेव्हा ती त्यांनी न बोलता घेतली आणि चष्मा लावला. इंग्रजी निकाल, चार पानांचा. तिसऱ्या पानावर त्यांची नजर अडकली. त्या पानावर इंग्रजीच्या ओळींमध्ये एकच ओळ मराठीत, बालबोध लिपीत होती. नक्कल करणाऱ्या कारकुनानं ती जशी होती तशीच उतरवली होती, साहेबाच्या शाळकरी वळणासकट: त्यांनी गूळ धरला आन् मानसं सोडली.

साहेबाला तर्जुमा जमला नाही, की करावासा वाटला नाही, हे मला कधी कळलं नाही. पुढं मी स्वतः त्या ओळीचं इंग्रजी करून पाहिलं. जमतं. दहा शब्दांत होतं. पण त्यानं केलं नव्हतं.

शास्त्रीबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “त्र्यंबक, त्या बाईनं सांगितलेलं सगळं तुला आठवतं?”

मी म्हणालो, आठवतं, पण माझ्याच्यानं बोलवत नाही.

“बोलू नकोस. लिही. मी लेखणी लावणार नाही.” आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “एक इंग्रज पोरगा. आणि आपण.”

सोमवारच्या अंकात पहिल्या पानावर, अग्रलेखाच्या जागी, हौसाबाईची जबानी तिच्या बोलीत छापली गेली. जुळाऱ्यानं दोनदा येऊन विचारलं की ‘न्हाई’ हे चुकून पडलंय का. दोन शाळामास्तरांनी लिहून कळवलं की असलं पत्र मुलांच्या हातात देता येत नाही.

बुधवारी बाजार होता. मी अंक घेऊन हौसाबाईच्या भाजीच्या पाटीपाशी गेलो आणि म्हणालो, वाचून दाखवतो, तुझं आहे की नाही ते सांग. ती म्हणाली, वाचा, हात चालू दे माझा. मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीला शेजारची कोथिंबीरवाली वळून बघायला लागली. हळूहळू माणसं जमली. कुंभारवाड्यातले चारपाच जण येऊन उभे राहिले; त्यांत बाबू कुंभाराचा भाऊ होता. तांबोळ्याचं दुकान समोरच, त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि आला. गर्दीच्या कडेला राणू भोई उभा होता, हातात काठी, पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. वर्तमानपत्र ऐकायला एवढी माणसं जमलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. आणि गंमत म्हणजे कुणी कुणाला अर्थ विचारत नव्हतं. हौसाबाईचे हात थांबले होते.

मी वाचत वाचत नावांपाशी आलो. सुंद्रा तांबोळीण. समोरच्या तांबोळ्यानं कपाळावर हात ठेवला. तिचा ल्योक इसाक. बाबू कुंभार. आन् एक नवी नवरी, तिचं नाव मला ठावं न्हाई.

“गोजरा,” राणू म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. त्याला तुरुंगाच्या दारातून परतल्यावर पहिल्यांदाच लोक बोलताना ऐकत होते. तो म्हणाला, काल बोरतळला जाऊन आलो, तिच्या आईकडं, चालत. नाव विचारून आलो. गोजरा म्हणायचे.

बाजारात बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या.

“ल्ह्या, दादा,” हौसाबाई मला म्हणाली. “गोजरा. त्यो म्हनतो तसंच ल्ह्या.”

मी खिशातली पेन्सिल काढली, अंक पाटीच्या काठावर टेकवला आणि छापलेल्या ओळीशेजारी लिहिलं.